ओटीपी कुणाच्या फोनवर?

"आजी, ओटीपी सांगा."

"काय सांगू?"

"ओटीपी. मोबाइलवर सहा आकडी नंबर आला असेल बघा."

मावशीनं पिशवीतून मोबाइल काढला. बटणांचा, मागचं झाकण पडू नये म्हणून रबर लावलेला. त्यावर काहीच आलं नव्हतं. येणार कुठून? तिच्या आधार कार्डाला जोडलेला नंबर माझ्या मावसभावाचा, आणि तो चाकणला रात्रपाळी करून फोन बंद ठेवून झोपलेला. खिडकीतली मुलगी दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली, मग मागच्या लायनीतले लोक कुरकुरायला लागले. "आजी, बाजूला उभ्या राहा, ओटीपी आला की या." मावशी बाजूला उभी राहिली. पावणेबारापर्यंत उभी राहिली. मग ओपीडी बंद होईल आणि एसटीही चुकेल म्हणून परत घरी गेली.

मैत्रिणींनो, मावशीला बारा वर्षांपासून साखर आहे. पायाच्या करंगळीला चप्पल लागून फोड आला होता, तो चिघळायला लागला म्हणून ती दवाखान्यात गेली होती. मला हे सगळं आठ दिवसांनी कळलं. तेव्हा करंगळी काळी पडली होती. पुढं जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, करंगळी काढली. ओटीपीपायी काढावी लागली असं मी म्हणणार नाही, कारण फोड आला तेव्हापासूनच मावशीनं हळद लावून चार दिवस घालवले होते. पण ते मधले आठ दिवस मात्र त्या खिडकीपाशी गेले, हे माझ्या मनातून जात नाही.

मी चिडून विचारलं, "अगं, तू भांडली का नाहीस? केसपेपर तरी मागायचास!" तर म्हणाली, "त्या पोरीचा काय दोष गं? तिच्या कॉम्प्युटरात पुढं जाईना, ती तरी काय करणार?"

बघा, ज्या बाईला परत पाठवलं, तीच खिडकीतल्या मुलीची बाजू घेते! आपण बायका अशाच. पण मी त्या दिवसापासून या प्रकरणाच्या मागं लागले. कार्ड काढणाऱ्या केंद्रात बसले, आमच्या आशाताईला छळलं, भिशीत विषय काढला. जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

खिडकीत मागत होते तो आभा नंबर. चौदा आकडी असतो. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारनं देशभर ही योजना सुरू केली. कल्पना अशी, की तुमच्या तपासण्या, औषधांच्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, सगळं या एका नंबराला जोडलं जावं. म्हणजे बार्शीत केलेला एक्स-रे पुण्यातल्या डॉक्टरला तुमच्या परवानगीनं बघता यावा. कल्पना चांगलीच आहे हो! आपल्या घरी काय असतं? प्लास्टिकच्या पिशवीत दहा वर्षांचे कागद, त्यातला नेमका हवा तो रिपोर्ट उंदरानं कुरतडलेला. लग्नाआधीच्या तपासण्या माहेरी, बाळंतपणाचे कागद सासरी, आणि नवऱ्याची बदली झाली की अर्धे कागद ट्रकमध्येच राहतात. बायकांचीच कागदपत्रं सगळ्यांत जास्त विखुरलेली असतात. त्यामुळं असा नंबर कुणाच्या उपयोगाचा असेल, तर तो आपल्याच.

पण दोन गोष्टी कुणी नीट सांगत नाही. पहिली म्हणजे, आभा ऐच्छिक आहे. हे सरकारच सांगतं. नंबर नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. मावशीला साधा कागदी केसपेपर मिळायला हवा होता. दुसरी गोष्ट, आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड ही दोन वेगळी कार्डं आहेत. आमच्या भिशीतल्या एक वहिनी आभाचं कार्ड लॅमिनेट करून पर्समध्ये घेऊन फिरत होत्या. "पाच लाखांपर्यंत फुकट इलाज ना?" नाही हो वहिनी! पाच लाखांच्या उपचारांचं ते आयुष्मान कार्ड. त्यातही सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून उत्पन्न न बघता ते काढता येतं. आभा म्हणजे फक्त कागदपत्रांचा नंबर, त्यावर एक रुपयाही मिळत नाही. वहिनींचा चेहरा पडला. ऐन ऑपरेशनच्या वेळी कळलं असतं तर? नावं ठेवणाऱ्यांनी थोडा विचार करायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही 'आ'ने सुरू होणारी, दोन्हींवर फोटो, दोन्ही एकाच केंद्रात निघतात. गोंधळ होणार नाही तर काय!

आता ओटीपीकडे येते.

भिशीत मी सहज विचारलं, "तुमच्या आधारला नंबर कुणाचा जोडलाय?" सगळ्या हसल्या आणि मग गप्प झाल्या. कुणाचा नवऱ्याचा, कुणाचा दिराचा, कुणाचा मुलाचा. एकीचा तर ज्या दुकानात आधार काढलं त्या दुकानदाराचा! स्वतःचा नंबर असलेल्या निम्म्याही निघाल्या नाहीत. आणि आम्ही सगळ्या शिकलेल्या, त्यात दोन शिक्षिका. मी घरी येऊन माझंच तपासलं. माझा नंबर 'ह्यां'चा! दहा वर्षांपूर्वी कार्ड काढायला गेलो तेव्हा ह्यांनी एकच फॉर्म भरल्यासारखे दोन्ही भरले आणि मी खाली सही केली. म्हणजे मावशीला शहाणपण शिकवणारी मी तिच्याच लायनीत उभी होते, फक्त मला अजून दवाखान्यात जायची वेळ आली नव्हती इतकंच.

हे काही आपल्याच गावात नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दर शंभर बायकांमधल्या ५४ जणींकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. आणि इंटरनेट? आयुष्यात एकदा तरी वापरलेले पुरुष शंभरात ५७, बायका ३३. खेड्यातल्या बायका तर चौथा हिस्साच. त्यानंतर फोन वाढले, हे आपण डोळ्यांनी बघतोच. पण घरात फोन असणं आणि तो आपल्या हातात असणं यात किती अंतर आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. दुपारी फोन मुलाच्या क्लासला, संध्याकाळी नवऱ्याच्या खिशात, रात्री चार्जिंगला. रिचार्ज कुणाचा आधी संपतो आणि कुणाचा शेवटी भरतात, तेही ठाऊक आहे.

करोनातली लस आठवा. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी कोविनवर नाव नोंदवायची अट. ते कोविन तेव्हा मराठीत नव्हतं, मराठी आलं जूनमध्ये. शहरातली पोरं मोटारी घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर लस घेऊन जात होती, आणि त्याच गावातल्या बायका दारात उभं राहून बघत होत्या. त्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंच सरकारला विचारलं, की ज्यांच्याकडे फोन नाही, इंटरनेट नाही, त्यांनी लस कशी घ्यायची? पुढं सरकारी केंद्रांवर थेट येऊन नाव नोंदवायची सोय झाली. त्या काळात लस घेतलेल्यांत पुरुष जास्त आणि बायका कमी होत्या. लसीला भिणाऱ्या बायका होत्याच, खोटं का बोला. पण घरातला नंबर लागायचा तो आधी कमावत्याचा, हेही खरं.

मला वाटतं, या सगळ्यात सर्वांत नाजूक गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मेसेज जातो कुणाच्या फोनवर?

माझ्या ओळखीतली एक मुलगी. तीन बाळंतपणं झालेली, चौथं नको म्हणून तिनं सरकारी दवाखान्यात तीन महिन्यांचं इंजेक्शन घ्यायला सुरुवात केली. सासूला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. चूक की बरोबर, ते तिचं ती जाणे. तिचा जीव, तिचं शरीर. नोंद करताना फोन नंबर विचारला, तिनं पाठ असलेला एकच नंबर सांगितला. नवऱ्याचा. पुढच्या तारखेची आठवण करून देणारा मेसेज बरोबर त्याच्याच फोनवर वाजला. तो चहा पीत बसला होता. त्यानंतर काय झालं ते मी इथं लिहीत नाही. ती सहा महिने माहेरी होती.

यात मेसेज पाठवणाऱ्याचा हेतू वाईट होता का? अजिबात नाही! आठवण करून द्यावी, तारीख चुकू नये, ही काळजीच होती. पण नोंद करणाऱ्यानं एक प्रश्न जास्त विचारला असता, "ताई, हा नंबर तुमचाच ना? यावर मेसेज पाठवला तर चालेल ना?" तर एक संसार त्या दिवशी उभा-आडवा झाला नसता. टीबीची औषधं घेणारी नवी सून असेल, अंगावरून पांढरं जातंय म्हणून दाखवायला आलेली कॉलेजातली मुलगी असेल, मन उदास राहतं म्हणून गोळ्या घेणारी बाई असेल. हा एक प्रश्न प्रत्येकीला विचारायला हवा. त्याला कुठलं ॲप लागत नाही.

फोनवरून डॉक्टरांशी बोलण्याचंही तसंच. ई-संजीवनी ही सरकारी सेवा फुकट आहे आणि चांगली आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाउनच्या काळात, घरातून थेट डॉक्टरांना विचारायची सोय त्यात झाली. पण घरातून म्हणजे कुठून? रेंज येते ती फक्त अंगणात किंवा गच्चीवर. तिथं सासूबाई धान्य निवडत बसलेल्या, दीर गाडी धूत उभा. आवाज नीट यावा म्हणून स्पीकर लावायचा, आणि पलीकडून डॉक्टर विचारणार, "पाळी नियमित येते का?" कोण उत्तर देणार हो? "हो, सगळं ठीक आहे," म्हणून फोन ठेवणार.

याच ई-संजीवनीची दुसरी बाजू सांगते, म्हणजे मी नुसती तक्रारखोर नाही हे पटेल. गावच्या उपकेंद्रात (आता त्याला आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) बाई जाते. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी बसलेली असते, बहुतेक ठिकाणी एखादी तरुण मुलगीच. ती रक्तदाब बघते, दार लोटून घेते, स्वतःच्या कॉम्प्युटरवरून लांबच्या डॉक्टरला जोडून देते आणि डॉक्टर बोलतात ते समजावून सांगते. बाईकडे फोन नसला तरी अडत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत या सेवेनं दहा कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सरकारनं सांगितलं की सल्ला घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका आहेत. मला यात नवल वाटलं नाही. यंत्र आणि बाई यांच्यामध्ये एक जिवंत माणूस बसलं की बाई येते. लांबचा तज्ज्ञ डॉक्टर, एसटीचं भाडं नाही, दिवसाची मजुरी बुडत नाही, बरोबर यायला कुणा पुरुषाला विनवायला लागत नाही. हे नको कोण म्हणेल?

तसंच टेली-मानस. १४४१६ हा नंबर लिहून ठेवा, फ्रिजवर चिकटवा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, पैसे पडत नाहीत, साध्या बटणांच्या फोनवरून लागतो, मराठीत बोलता येतं. ना ॲप, ना पासवर्ड. मनाचं दुखणं सांगायला आपल्या गावात कुठं जागा असते? डॉक्टरकडे जाताना बघितलं तरी लोक बोट दाखवतात. मुंबईच्या डॉ. अपर्णा हेगडे यांच्या 'आरमान' संस्थेनं गरोदर बायकांसाठी 'एम-मित्र' नावाची सेवा काढली, तीही आवाजाचीच. आठवड्याला फोन येतो, कितवा महिना चाललाय त्याप्रमाणे काय खायचं, काय जपायचं ते बाईच्या भाषेत सांगतो. आणि फोन कोणत्या वेळी यावा, हे बाईनं ठरवायचं. हे मला फार आवडलं. ज्यानं कुणी ही वेळ विचारायची युक्ती काढली, त्याला घरातला फोन दुपारी कुणाकडे असतो हे नक्की माहीत असणार.

म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. मग आमच्या मावशीच्या खिडकीवर का जमत नाही?

आशाताईंचं ऐका. महाराष्ट्रात त्या सुमारे सत्तर हजार आहेत. पगार नाही, मानधन आणि कामावर मोबदला. आमच्याकडे येतात त्या आशाताई सांगत होत्या, "ताई, पूर्वी मी घरात गेले की आधी बाळ बघायचे. आता आधी मोबाइल काढते." आभा कार्ड तिनंच काढायचं, आयुष्मान कार्डाच्या मागंही तिनंच लागायचं. रेंजसाठी टेकडीवर जायचं, बाईचा ओटीपी मागायला शेतात नवऱ्याला शोधत जायचं. अंगणवाडीताईंचं काही वेगळं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या अंगणवाडीताईंनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते, आठवतं? फोन निकृष्ट आणि पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या पोषण आहारासाठी बाईचा चेहरा ओळखण्याची अट आली. चोरी थांबावी म्हणून. चोरी थांबायलाच हवी, पाकिटं कुठं जातात ते आपल्याला काय माहीत नाही? पण पहिलटकरीण माहेरी आलेली, तिची नोंद सासरी, ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि चेहरा सातव्या महिन्यात सुजलेला. मशीननं ओळखलं नाही तर पाकीट कुणी द्यायचं? त्या अंगणवाडीताईला, जी या बाईला लहानपणापासून ओळखते, तिला "मी ओळखते हिला" एवढं म्हणण्याचा अधिकार का नसावा?

चेहऱ्याचं निघालं म्हणून एक आठवण. २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत आशाताई घरोघर बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावत होत्या. माझी जाऊबाई नखाला गडद लाल नेलपॉलिश लावून बसलेली, आशाताईनं आधी ते पुसायला लावलं. आम्ही हसलो होतो. पण रंगाचा परिणाम त्या यंत्रावर होतोच. आणि नुसता नखाच्या रंगाचा नाही! त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलं, की ऑक्सिजन घटलेला असूनही यंत्र 'ठीक' दाखवतं असं गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत काळ्या रुग्णांच्या बाबतीत जवळजवळ तिप्पट वेळा होतं. यंत्र बनवताना जी माणसं समोर असतात, त्यांच्याच अंगाला ते बरोबर बसतं. ब्लाउजचं माप दुसरीचं घेतलं तर आपल्याला बसेल का? आता तर कॉम्प्युटरच एक्स-रे वाचणार, रोग सांगणार. ते ज्यांच्या एक्स-रेवरून शिकले, त्यात आपल्यासारख्या, रक्त कमी असलेल्या, चुलीच्या धुरात उभं आयुष्य काढलेल्या बायका होत्या का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे.

बोटांच्या ठशांवरही आभा निघतो, असं केंद्रातला मुलगा म्हणाला. मावशीचा अंगठा चार वेळा लावला. उठेना. सोलापूर, सिन्नरकडच्या विडी वळणाऱ्या बायकांना विचारा, भांडी घासणाऱ्यांना विचारा, ठसे राहतात कुठं? मग तो म्हणाला, ड्रायव्हिंग लायसन्सवरही निघतो. मावशीनं माझ्याकडे बघितलं. बैलगाडीचं लायसन्स निघत असतं तर तिला एकवेळ मिळालं असतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कॉम्प्युटर असू द्या, ॲप असू द्या, पण दवाखान्यात एक खिडकी अशी हवी, जिथं नाव, गाव, वय सांगितलं की केसपेपर मिळेल. ओटीपी आला नाही, लाइट गेली, सर्व्हर बसला, तरीही. 'आभा नंबर ऐच्छिक आहे' हे मोठ्या मराठी अक्षरात त्याच खिडकीवर लिहिलेलं हवं, वेबसाइटवर नको. ज्या आशाताईच्या बोटांवर हे सगळं चाललंय, तिला प्रत्येक कार्डाचे पैसे वेळेवर मिळायला हवेत. आणि कुठलीही नवी सोय सुरू करण्याआधी साहेबांनी एक सकाळ मावशीबरोबर लायनीत उभं राहावं. तेवढं पुरे.

आपल्या हातात आहे ते आपण करूया. आधारमधला फोन नंबर बदलता येतो. आधार केंद्रात होतं, आणि २०२१ पासून पोस्टमनकडूनही ही सोय सुरू झाली. आभाविषयी विचारायला १४४७७ आणि आयुष्मान कार्डासाठी १४५५५ हे नंबर आहेत. दवाखान्यात नंबर लिहून घेतला की "यावर मेसेज पाठवू नका" असं म्हणायला लाजू नका. कुणाच्या हातात आपला ओटीपी देतो ते बघा, कारण त्याच सहा आकड्यांवर बँकेतले पैसेही जातात.

मी परवा ह्यांना म्हटलं, माझ्या आधारला माझा नंबर जोडायचाय. ते म्हणाले, "का? माझ्या फोनवर आलेलं मी तुला सांगतोच की." खरं आहे, सांगतात. मी म्हटलं, "मग मीही सांगत जाईन." थोडा वेळ पेपर वाचत बसले. मग म्हणाले, गुरुवारी सकाळी गर्दी कमी असते.

मावशीला बरोबर घेऊन जाणार आहे. तिला अजून एका पायावर जोर देता येत नाही, म्हणून रिक्षा सांगितलीय. भिशीतल्या चौघी म्हणाल्या, आम्हीही येतो. रिक्षा दोन लागतील.